आमच्या घरी ती गोष्ट सांगत नाहीत

लंडनमधल्या हॅरोच्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी नवीन काका भेटायचे आणि ताटातली कोशिंबीर संपवता संपवता विचारायचे, "तुम्ही स्पीच थेरपिस्ट म्हणजे एक्झॅक्टली काय करता हो? लोकांना पॉश अ‍ॅक्सेंट शिकवता?" मी सदाशिव पेठेच्या उच्चारांत इंग्रजी बोलते. त्यामुळे मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की त्यांची शंका अर्धी फिटायची. उरलेली आमचे हे फेडायचे. "ती सगळ्या वॉटफर्डला बोलतं करते, फक्त घरी मला चान्स मिळत नाही." मग लोक हसायचे आणि विषय पार्किंगकडे वळायचा.

आता निवृत्त झाले आहे, अंकाच्या संपादकांनी पानं दिली आहेत आणि मध्ये बोलायला हे शेजारी बसलेले नाहीत. तेव्हा एकदाचं सांगून टाकते.

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला की पुष्कळांची भाषा जाते. जीभ जागेवर असते, आवाज असतो, अक्कलही बहुतेक वेळा शाबूत असते. समोर पाण्याचा ग्लास दिसतो, तहान कळते, पण "पाणी" हा शब्द काही केल्या हाताला लागत नाही. अशा माणसाबरोबर बसून, चित्रं दाखवून, अर्धी वाक्यं टाकून, त्याचा एकेक शब्द परत शोधायचा हे माझं काम. पुष्कळदा शब्द सापडत नाहीत. मग उरलेल्या खाणाखुणांवर घर कसं चालवायचं हे घरच्यांना शिकवायचं, आणि ते जास्त अवघड.

पण एक चमत्कारिक गोष्ट असते. जे आपण आयुष्यभर विचार न करता बोललो ते मेंदूच्या दुसऱ्याच कोपऱ्यात राहतं आणि झटक्यातून वाचतं. आकडे, प्रार्थना, गाणी, शिव्या. माझे एक पेशंट निवृत्त पोस्टमास्तर होते, दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला आणि तो इथे छापता येणार नाही. त्यांची बायको मला म्हणाली, बाकी सगळं सावकाश होऊ दे, पण आधी हा शब्द घालव. मी म्हटलं, बाई, त्यांच्याजवळ तेवढा एकच आहे, दुसरा येईपर्यंत राहू दे. ती बिचारी लाल होत विणकाम करत बसायची, आणि महिन्याभरात त्या शब्दाला "हो, आणते" म्हणून उठायलाही लागली.

हॅरोच्या एक गुजराती बा होत्या. पाणी मागता येत नव्हतं, पण भजन लावलं की सगळी कडवी अचूक म्हणायच्या. मुलांना वाटलं, आई हट्टाने बोलत नाही. त्यांना समजावून समजावून माझा घसा बसला की पाठ असलेलं तोंडातून येणं वेगळं आणि मनातलं बोलणं वेगळं. पहिलं आलं म्हणजे दुसरं आलं असं नव्हे. हे मी एवढ्यासाठी सांगते आहे, की ज्या कुटुंबाबद्दल मला लिहायचं आहे त्यांच्या बाबतीत सगळा प्रश्न इथेच येऊन अडला होता. नावं अर्थात बदलली आहेत.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं असतील. वॉर्डच्या सिस्टरचा फोन आला, "तुमच्यापैकी एक आहे, या जरा." ब्राउन माणूस दाखल झाला की तो माझ्यापैकी, हे आमच्या इस्पितळात ठरूनच गेलं होतं. मी गेले तर खाटेवर एक गोरटेले, बारीक डोळ्यांचे, साठीच्या पुढचे गृहस्थ. कागदावर नाव डॉ. नबकुमार सिंह. नावावरून सकाळी पंजाबी दुभाषा येऊन गेला होता, चेहऱ्यावरून दुपारी चिनी बोलावणार होते. शेजारी स्टुलावर बसलेल्या त्यांच्या बायकोला कोणी काही विचारलंच नव्हतं. ती माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाली, "मणिपूर. इम्फाळ."

खरं सांगायचं तर माझंही मणिपूर शाळेच्या नकाशातलं, उजवीकडचं. पण निदान मी पत्ता ओळखला.

डॉक्टर यॉर्कशायरच्या एका इस्पितळात जन्मभर भूल देण्याचं काम करत होते आणि निवृत्तीनंतर नुकतेच वॉटफर्डला राहायला आले होते. उजवा हात-पाय लुळा. सांगितलेलं बरंचसं कळायचं. मात्र तीस वर्षं ज्या इंग्रजीत नोकरी केली तिच्यातला एकही शब्द उरला नव्हता आणि आपल्या भाषेतलाही नाही. कप दाखवला, किल्ली दाखवली, कंगवा दाखवला. ते बघायचे, ओठ हलवायचे आणि मग अगदी डॉक्टरी शिष्टाचाराने मान हलवून माफी मागायचे. अशा पेशंटचं मला फार वाईट वाटतं. चिडणाऱ्यांचं बरं असतं, निदान वाफ बाहेर पडते.

बायकोचं नाव मेमचा. ठेंगणी, शांत, पन्नाशीच्या आतली. सकाळी यायची ती भेटीची वेळ संपेपर्यंत हलायची नाही. गिळायला त्रास होत असल्याने डॉक्टरांना इस्पितळातलं करड्या रंगाचं काहीतरी भरवत होते. हिने मला विचारून घरून एरोम्बा आणायला सुरुवात केली. म्हणजे उकडलेल्या भाज्या, मिरची आणि आंबवलेली सुकी मासळी घालून केलेला लगदा. मी नेहमीच्या पद्धतीने दाटपणा तपासला, मिरची वगळायला लावली आणि परवानगी दिली. वासाने अख्ख्या वॉर्डाच्या खिडक्या उघडल्या. पण डॉक्टर पहिल्यांदा पोटभर जेवले.

शनिवारी एडिनबराहून मुलगी आली. लिंथोई. तिकडे बँकेत नोकरीला होती, सगळे तिला लिन म्हणत. पंचविशीची, उंच, कोट न काढताच बसणारी. ती बापाच्या डाव्या बाजूला बसली, मेमचा उजव्या. मधल्या खाटेवरून दोघींनी एकमेकींना "हॅलो आंटी", "प्रवास ठीक झाला?" एवढंच म्हटलं. मला वाटलं, काकू-पुतणी असाव्यात.

लिंथोईने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "मिसेस करंदीकर, ते फोनवर बोलू शकतील?"

"इतक्यात नाही. का?"

"कारण आमचं जे काही आहे ते फोनवरच आहे."

मग तिने सांगितलं. आई ती नऊ वर्षांची असताना कॅन्सरने गेली. दीड-दोन वर्षांत वडील इम्फाळला गेले आणि मेमचाला लग्न करून घेऊन आले. मेमचाने कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. पण हिने तिला आंटीच्या वर चढू दिलं नाही, आणि कॉलेजसाठी म्हणून जी घरातून निघाली ती राहायला परत आली नाही. फक्त रविवारी बापाला फोन. हवा कशी आहे, गाडीचं सर्व्हिसिंग झालं का, असंच काहीतरी, पण एक रविवार चुकला नव्हता. "आता तेही गेलं," ती म्हणाली. "मी रविवारी कोणाला फोन करू?" ती रडली नाही, पण तिचा आवाज मला ऐकवेना.

चित्रांचा उपयोग होत नव्हता, म्हणून सोमवारी मी मेमचाला विचारलं, यांना काही पाठ आहे का? कीर्तन, प्रार्थना, पाढे? आमचं बोलणं मोडक्या हिंदीत आणि मोडक्या इंग्रजीत चाले, इथे मी ते मराठीत देते आहे. ती म्हणाली, देवाचं फारसं करत नाहीत, गातही नाहीत. मग बराच वेळ एरोम्ब्याचा डबा पुसत राहिली.

"एक गोष्ट आहे," ती म्हणाली. "पण आमच्या घरी ती गोष्ट सांगत नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः उठून खाटेभोवतीचा पडदा ओढला, मला आत बसवलं आणि नवऱ्याच्या कानाशी सांगायला लागली. एकेक तुकडा सांगून मला हिंदीत समजावायची. मणिपुरात अशा गोष्टींना फुंगा वारी म्हणतात. फुंगा म्हणजे चूल. रात्रीची जेवणं झाली की आजी किंवा आजोबा मुलांना चुलीभोवती घेऊन सांगतात. ही गोष्ट तिकडच्या प्रत्येक पोराला माहीत असते.

एका मुलीची आई मरते. बाप दुसरी बायको करतो आणि कामासाठी लांबच्या मुलुखात जातो. सावत्र आई मुलीला दिवसभर राबवते, मारते, अर्धपोटी ठेवते. मुलगी सहन करते. बाबा येतील, बाबा आले की सांगीन, असं म्हणत वाट बघते. बाबा येत नाहीत. शेवटी आकाशातून जाणाऱ्या धनेश पक्ष्यांच्या थव्याला ती हाक मारते, मला एकेक पीस द्या. पक्षी पिसं टाकतात, ती त्यांचे पंख करते आणि उडून जाते. मग बाप परत येतो. घर रिकामं. वर थवा चाललेला, त्यातला एक पक्षी घरावर घिरट्या घालतोय. बाप ओळखतो आणि अंगणात उभा राहून हाका मारतो, "बाळा, खाली ये. खाली ये गं." आणि ती वरून सांगते, बाबा, आता मी पक्षी झाले, आता मला येता येत नाही.

मी विचारायच्या आधीच मेमचा म्हणाली, "लिंथोईला ते ही गोष्ट रोज सांगायचे. यॉर्कशायरच्या घरात चूल कुठली, गॅसच्या हीटरपुढे बसून. मी आले आणि त्यांनी सांगणं बंद केलं. माझ्यासमोर सावत्र आईची गोष्ट कशी सांगणार? मला वाईट वाटेल म्हणून. मला कळलं होतं, पण मी नवी होते, काय बोलणार? सांगा, मला चालेल, असं म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं की मला लागलंय." मग म्हणाली, "पोरीची आई गेली आणि पाठोपाठ गोष्टही गेली. ती माझ्यामुळे."

आमच्या धंद्यातली एक साधी युक्ती आहे. सांगणाऱ्याने पाठ असलेल्या वाक्याच्या तोंडाशी येऊन थांबायचं आणि पेशंटकडे बघायचं. उरलेलं कधी कधी आपोआप बाहेर पडतं. मी मेमचाला ती शिकवली. ती रोज गोष्ट सांगायची, बाप अंगणात येऊन उभा राहिला की थांबायची आणि वाट बघायची. सांगताना काही म्हणजे काही गाळायची नाही. सावत्र आईचा भाग आला की तिचा आवाज कर्कश व्हायचा, डोळे मोठे व्हायचे. पडद्याबाहेरच्या नर्सला वाटायचं, ही नवऱ्याला रागावतेय. जिला स्वतःला सावत्र आई म्हणून दहा-पंधरा वर्षं एका घरात श्वास रोखून राहावं लागलं, ती बाई रोज दुपारी दुष्ट सावत्र आई होऊन दाखवत होती. त्याशिवाय नवऱ्याच्या तोंडून त्या हाका निघणार नव्हत्या. माझ्या नोकरीत मी पुष्कळ माया पाहिली, पण अशी पाहिली नाही.

आणि एक दिवस ते बोलले. अडखळत, पण स्वच्छ, त्यांच्या भाषेत. "खाली ये." मूळ शब्द मी इथे लिहीत नाही. माझ्या तोंडून ते कधी नीट आलेच नाहीत, आणि मी प्रयत्न केला की मेमचा तोंडाला पदर लावून हसायची.

मला आनंद झाला आणि मी तो बेताने आवरला. कारण तेच झालं ज्याची भीती होती. डॉक्टर त्या दिवसापासून सगळ्यांना "खाली ये" म्हणू लागले. चहाची ट्रॉली आणणाऱ्या बाईला, फिजिओला, खिडकी पुसणाऱ्याला, मलाही. पोस्टमास्तरांच्या शब्दासारखंच ते होतं. पाठ असलेलं सुटून आलं होतं. मनातलं आलं होतं का, हे सांगणं माझ्या हातात नव्हतं.

पुढच्या शनिवारी लिंथोई आली तेव्हा पडद्याआड गोष्ट चालू होती. तिने पडदा बाजूला केला. मेमचा थांबली. डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "खाली ये."

लिंथोई वळली आणि तडक बाहेर गेली. मी मागोमाग गेले.

"ही गोष्ट? आणि ती सांगतेय?" ती म्हणाली. "ती आली तेव्हा ही गोष्ट बंद झाली. मी विचारलं तर पाबुंग म्हणाले, तू आता मोठी झालीस. मी अकरा वर्षांची होते. मला वाटलं, आईला विसरले तसं मलाही विसरायचं ठरवलंय." वडिलांना ती पाबुंग म्हणायची. मग एकदम माझा हात धरून म्हणाली, "ते मला म्हणाले का? त्यांना कळून म्हणाले?"

घरच्यांना हवं ते उत्तर द्यायचा मोह या नोकरीत रोज होतो. मी म्हटलं, "मला माहीत नाही. ते चहावालीलाही तेच म्हणतात." क्रूर वाटेल, पण खोट्यावर उभी केलेली आशा पुढे घरच्यांनाच गाडते, हे मी फार वेळा पाहिलेलं होतं. मेमचा पाठीमागे येऊन उभी आहे हे मला उशिरा दिसलं. ती लिंथोईला म्हणाली, "तू आत येऊन ऐक. मी गोष्ट सांगते. आवडलं नाही तर बंद करीन."

आम्ही तिघी आत गेलो. लिंथोई नेहमीच्या जागी, डाव्या बाजूला बसली. मेमचाने सुरुवात केली. आई मेली, बाप गेला. मग सावत्र आई आली. मेमचाने आवाज चढवला, डोळे मोठे केले, काठी उगारल्यासारखा हात वर नेला.

डॉक्टरांनी चांगला हात उचलला. तो लिंथोईने धरलेला होता, तो सोडवून घेतला, मोठ्या कष्टाने अंगावरून पलीकडे नेला आणि मेमचाच्या तोंडावर ठेवला.

मेमचाला वाटलं, त्यांना तहान लागली असेल. तिने पेल्याकडे हात केला. त्यांनी मान हलवली. नाही. हात तसाच ठेवला आणि लिंथोईकडे पाहिलं. रोज ते गोष्ट शेवटपर्यंत ऐकत असत. आज मुलगी समोर होती आणि मुलीसमोर मेमचाने दुष्ट सावत्र आई व्हावं हे त्यांना चालत नव्हतं. त्यांनी ती थांबवली, पंधरा वर्षांपूर्वी थांबवली होती तशीच. यात पाठ असलेलं काही नव्हतं. चित्रं, किल्ल्या, कंगवे दाखवून आठवड्यांमागून आठवडे जे मला मिळालं नव्हतं ते हे होतं. एका माणसाने विचार करून, कोणासमोर काय नको हे ठरवून, दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट. तेही एक शब्द न बोलता.

लिंथोई बघत राहिली. मला वाटतं, ती त्या हाताकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे हे होतं. मला विसरले नव्हते. हिला लागू नये म्हणून." आणि पहिल्यांदा मेमचाकडे नीट पाहून म्हणाली, "आणि तू रोज ती होतेस? रोज?"

मेमचाच्या तोंडावर हात होता, त्यामुळे तिने नुसती मान हलवली.

लिंथोई उठली, खाटेला वळसा घालून आली, बापाचा हात अलगद खाली घेतला आणि मेमचाच्या स्टुलाच्या कडेला, कशीबशी अर्धी बसली. "पाबुंग, मला ऐकायची आहे," ती म्हणाली. "सगळी. आंटी सांगेल."

मेमचाने नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून उघडले. तिने सांगितली. सगळी, काठीसकट. बाप अंगणात आला, ती थांबली आणि डॉक्टरांनी हाक मारली. त्यावर मुलीने काय म्हणायचं ते ठरलेलं आहे, पिढ्यान्‌पिढ्या तेच. आता मी पक्षी झाले, मला येता येत नाही. लिंथोईने तोंड उघडलं आणि तिला ते म्हणता येईना. ती रडायला लागली, अगदी लहान मुलासारखी, नाक पुसत. मेमचाने तिला पदर दिला. मी पडद्याबाहेर आले. थेरपिस्टने केव्हा उठायचं हे कोर्समध्ये शिकवत नाहीत.

त्यांना कळून ते म्हणाले का, या प्रश्नाचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही. डॉक्टर घरी गेले. दोन-चार शब्द आणखी आले, इंग्रजी आलं नाही. रविवारचे फोन परत सुरू झाले. मेमचा रिसीव्हर त्यांच्या कानाला लावायची, ते "खाली ये" म्हणायचे आणि तिकडून लिंथोई सांगायची की शुक्रवारी येते. पुष्कळदा यायचीही. तीनेक वर्षांनी त्यांना दुसरा झटका आला आणि त्यात ते गेले. मी अंत्यविधीला गेले होते. दोघी शेजारी उभ्या होत्या, फारसं बोलत नव्हत्या.

मला काळजी मेमचाची होती. इंग्रजी तोकडं, नातेवाईक सगळे इम्फाळला, आणि जिच्याशी धागा होता तो फक्त नवऱ्यामुळे. तो माणूस गेल्यावर तो धागा कोण कशाला धरून ठेवील?

नव्वदच्या दशकात, माझी बदली झाल्यावर पुष्कळ दिवसांनी, ती मला वॉटफर्डच्या मार्केटात मासळीच्या गाळ्यापाशी भेटली. केस पांढरे झाले होते. तब्येत, घर, इम्फाळ असं सगळं विचारून झालं. मग मी भीत भीत लिंथोईचं विचारलं.

"रविवारी फोन करते," मेमचा म्हणाली. "हे गेल्यावर पहिल्या रविवारी वाजला तेव्हा मी उचलूच नये असं वाटलं. आम्हाला दोघींना बोलायला काय असणार? हवेचं बोलून झालं. मग ती म्हणाली, आंटी, गोष्ट सांग. तेव्हापासून सांगते. आता तिचा मुलगाही पलीकडे ऐकत असतो."

"तीच?"

"तीच. दुसरी नको म्हणते." मेमचाने माशाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मागच्या रविवारी मला रागावली. म्हणाली, आंटी, तुझी सावत्र आई हल्ली फार मऊ झालीय, मुलाला भीतीच वाटत नाही. पहिल्यासारखी दुष्ट कर."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "केली."